एका देशाचे दोन होताना: संवादाच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

वाटाघाटींची तत्त्वं, दुसऱ्या फळीची (सरकारबाहेरच्या माणसांमधली) चर्चा, मध्यस्थाची तटस्थता हे सगळं कुठल्याही प्रशिक्षणाच्या पहिल्या सत्रातच होतं, म्हणून ते इथे उगाळत नाही. फुटणाऱ्या देशात बोलणं कसं चालू ठेवतात हे शिकायचं असेल, तर चेकोस्लोव्हाकिया घ्या. १९४७ वर पहिला प्रबंध लिहू नका, हे माझं ठाम मत. 'पंचावन्न कोटी' म्हटलं की आपल्याकडे बाजू आधीच ठरलेल्या असतात. नवख्याचा अभ्यास राहतो बाजूला आणि वादच वाढतो.

आधी तारखा स्वतःच्या हाताने लिहून काढा. जून १९९२ च्या निवडणुकीत चेक बाजूला व्हाक्लाव क्लाउस आणि स्लोवाक बाजूला व्लादिमीर मेचियार पुढे आले. १७ जुलैला स्लोवाक विधिमंडळाने सार्वभौमत्व जाहीर केलं. २६ ऑगस्टला ब्रनोच्या तुगेंडहाट व्हिलात दोघांनी विभाजनाची तारीख पक्की केली. १३ नोव्हेंबरला मालमत्ता वाटपाचा कायदा झाला, २५ ला संघराज्य विसर्जनाचा, आणि १ जानेवारी १९९३ ला चेक प्रजासत्ताक आणि स्लोवाकिया असे दोन देश झाले. सार्वमत घेतलंच नाही. 'किती शांततेत झालं' असं लिहिताना हे झाकू नका.

वाटपाचं सूत्र सोपं होतं: स्थावर ज्याच्या हद्दीत त्याचं, उरलेलं मुख्यतः लोकसंख्येच्या प्रमाणात २:१. सूत्र सोपं असल्यामुळे बहुतेक बाबी खात्यातले अधिकारीच निकाली काढू शकले. तरीही सोनं आणि बँकांची येणीदेणी यांचा वाद २००० पर्यंत रेंगाळला.

चलनाचंही तसंच. सामायिक क्राउन निदान सहा महिने चालवायचा बेत होता, पण स्लोवाक ठेवी चेक बँकांकडे वाहू लागल्या आणि ८ फेब्रुवारी १९९३ ला चलनं वेगळी झाली. नव्या नोटा येईपर्यंत जुन्यांवर तिकिटं चिकटवली गेली. बोलणी मात्र तुटली नाहीत, कारण गंगाजळी किंवा ठेवी कुठवर घसरल्या की बाहेर पडता येईल, याच्या अटी करारात आधीच होत्या. बाहेर पडण्याच्या अटी पहिल्याच मसुद्यात मागा. नंतर मागितल्या की तो अविश्वास वाटतो.

आता खरा सापळा, तो नीट वाचा. २९ ऑक्टोबर १९९२ च्या सामाजिक सुरक्षा करारात कलम २० आहे. जुन्या नोकरीची वर्षं कोणत्या देशाच्या खात्यात धरायची? फुटीच्या दिवशी, किंवा त्याआधी शेवटची नोकरी असताना, मालकाचं मुख्यालय जिथे होतं, त्या देशाच्या. वाचायला अगदी निःपक्षपाती! पण एक माणूस डोळ्यांपुढे आणा. जन्म प्रागचा, घर प्रागला, नोकरीही प्रागलाच, फक्त कंपनीचं मुख्यालय ब्रातिस्लाव्हात. त्याची तेवढी वर्षं स्लोवाक खात्यात गेली आणि पुढे तिथली पेन्शन कमी पडली. चेक घटनात्मक न्यायालयाने चेक नागरिकांना फरक भरून द्यायला लावलं. तो फक्त चेक प्रजासत्ताकात राहणाऱ्या चेक नागरिकांनाच देणं हा भेदभाव आहे, असं युरोपीय संघाचं न्यायालय २०११ मध्ये म्हणालं. त्यावर चेक न्यायालयाने ३१ जानेवारी २०१२ ला तो निकाल अधिकारकक्षेबाहेरचा ठरवला. एका कलमाचं भांडण वीस वर्षांनी कुठवर गेलं बघा.

म्हणून नियम टेबलावर आला की भाषणं बाजूला ठेवा आणि पाच माणसांचा तक्ता मांडा: सीमेपलीकडे मुख्यालय असलेला कामगार, सीमेपल्याड लग्न झालेली बाई, तिकडे शिकणारा विद्यार्थी, जुनी शिक्षा झालेला भाडेकरू, निवृत्त सैनिक. प्रत्येकासमोर चार रकाने: नागरिकत्व कोणतं, पेन्शन कोण देणार, कागदपत्रं कुठून मिळणार, तक्रार कुठे करायची. एकही रकाना रिकामा राहिला तर नियम परत पाठवा. चौथा माणूस उगाच घेतलेला नाही. १९९३ च्या चेक नागरिकत्व कायद्यात पाच वर्षं शिक्षा झालेली नसावी ही अट होती, आणि तिने रोमा या अल्पसंख्य समाजातल्या अनेक माणसांना नागरिकत्वाबाहेर ठेवलं.

बैठकीत मसुदा एकच ठेवा आणि दोन्ही बाजूंच्या दुरुस्त्या त्याच्यातच घ्या. दोन मसुदे असले की प्रत्येकजण आपलाच राखत बसतो. टिपणं त्याच संध्याकाळी दोघांनाही दाखवा. चेक आणि स्लोवाक एकमेकांचं सहज समजतात, ही सोय सगळीकडे नसते. इतरत्र दोन दुभाष्यांचे पैसे आधीच बाजूला काढा.

मार्गदर्शक निवडताना निवृत्त राजदूताच्या नावाला भुलू नका. महसूल, पेन्शन किंवा कामगार खात्यात फायली हाताळलेला माणूस जास्त शिकवतो. शनिवार-रविवारच्या 'मध्यस्थी प्रमाणपत्रां'वर पैसे घालवू नका, त्यांतून कलम वाचायची सवय लागत नाही.

सुरुवातीला तक्ता जुळत नाही आणि आपल्यातच काही कमी आहे असं वाटतं. तसं नसतं. दोन्ही सरकारांच्या वकिलांनाही तो जुळला नव्हता. कलम २० पासून सुरुवात करा, आणि पहिला माणूस पूर्ण झाल्याशिवाय दुसरा घेऊ नका.