कोहिमाला निघण्याआधी: नागपूरकरांसाठी तयारीची यादी

बॅग नंतर भरा, आधी एक नाव शोधा. १९४४ मध्ये ब्रह्मदेशातून आलेल्या जपानी फौजेला नागालँडच्या कोहिमात अडवण्यात आलं, त्या लढाईतल्या जवानांच्या वॉर सिमेट्रीत १,४२० कबरी आहेत आणि सगळ्यात वरच्या टप्प्यावर दहन झालेल्या ९१७ हिंदू-शीख जवानांचं स्मारक आहे. कोणाला भेटायचंय हे न ठरवता गेलेला माणूस अर्ध्या तासात फोटो उरकतो आणि चहाची टपरी शोधू लागतो. "आमचे पणजोबा ब्रह्मदेशाच्या लढाईवरून परत आले नाहीत" असं घरात कोणी सांगत असेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव टाकून बघा. नोंद सापडली तर सैनिक क्रमांक, पलटण आणि तारीख मिळते, पुष्कळदा वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हाही मिळतो. शोधताना मात्र आजच्या आधार कार्डावरचं स्पेलिंग धरून बसू नका. विदर्भातल्या जाधवांच्या शेवटी 'ओ' येतो, इतरांच्या 'व्ही' येतो, आणि त्या काळच्या कारकुनाने तिसरंच काही लिहिलेलं असू शकतं. आडनावाने जमलं नाही तर पहिल्या नावाने शोधा. पलटणीने शोधत असाल तर मराठा लाइट इन्फंट्रीच्या इंग्रजी नावात तेव्हा 'एच' हा 'आर'च्या आधी यायचा आणि 'टी' दोन असायचे, हे लक्षात असू द्या.

घरातलं कोणीच नसेल, तर सांगशाकची लढाई वाचून जा. मार्च १९४४ च्या शेवटच्या दिवसांत मणिपुरातल्या उखरुलजवळच्या या गावी ५० व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन लढली. जपानी तिथे काही दिवस अडकून पडले, आणि तेवढी उसंत कोहिमाला मिळाली. हे माहीत नसलं की कोहिमा म्हणजे फक्त इंग्रजांची गोष्ट वाटते.

जमीन वाचायचा सराव इथेच करता येतो. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि एरवी बंद असतो. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला तो लोकांसाठी उघडतो. यातली एखादी तारीख साधून मुलांना वर न्या. २७ नोव्हेंबर १८१७ च्या सकाळी भोसल्यांच्या फौजेतल्या अरबांनी लहान टेकडी घेतली आणि तिथून मोठ्या टेकडीवरच्या इंग्रजांवर तोफ डागली. पुढे इंग्रजांनी ती परत घेतली आणि लढाई फिरली. थोड्याशा उंचीसाठी माणसं का मरतात, हे त्या चढावर उभं राहिलं की कळतं. कोहिमात गॅरिसन हिलवर, म्हणजे आज सिमेट्री आहे त्या टेकडीवर, दोन फौजांमधलं अंतर आणखी आक्रसतं. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टाच्या एका बाजूला आपले जवान आणि दुसऱ्या बाजूला जपानी होते, मधल्या मोकळ्या जागेवरून हातबॉम्ब जात-येत होते. बंगला उरला नाही, पण कोर्टाच्या रेषा पांढऱ्या काँक्रीटने आखून ठेवल्या आहेत.

गाईड ठरवताना घासाघीस कमी करा आणि प्रश्न जास्त विचारा. गॅरिसन हिलवर किती वेळ देणार? जोत्सोमा दाखवणार का? जपान्यांचा वेढा पडला तेव्हा कोहिमाला तोफांचा आधार तिथूनच होता. किसामाचं युद्धसंग्रहालय धरलंय का? गाडी आणि ड्रायव्हर शेवटपर्यंत तेच राहतील का? नागालँडात जमीन गावाची असते, तेव्हा खंदक बघायला कोणाच्या शेतात शिरायचं तर परवानगी गाईडनेच काढायला हवी, आणि हे पैसे दरात धरलेत की वेगळे, ते आधीच लेखी घ्या. "सगळं होऊन जाईल साहेब" एवढंच उत्तर मिळालं तर दुसरा गाईड बघा. इंफाळ जोडायचा मोह होईल, तिथे रेड हिल ही लढाईची टेकडी आहे, मोइरांगला आझाद हिंद सेनेचं स्मारक आहे. पण मणिपूरमध्ये मे २०२३ पासून जो वांशिक हिंसाचार झालाय तो बघता हा निर्णय निघायच्या आठवड्यातच घ्या, त्याचं बुकिंग रद्द करता येईल असं ठेवा, आणि ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर सरळ टाळा.

नागालँडला इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायची सरकारी परवानगी लागते, मणिपूरला वेगळी. अर्ज ऑनलाइन होतो. प्रत्येकाचं परमिट काढा आणि छापील प्रत जवळ ठेवा. पावसाळा नको, दिमापूर-कोहिमा रस्त्यावर दरडी कोसळतात. १ ते १० डिसेंबर हॉर्नबिल महोत्सव असतो. तो बघायचा नसेल तर त्या दिवसांत जाऊ नका, खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर भाव ऐकवत नाहीत. हिवाळ्यात तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून सकाळी सहाला गाडीत बसायची तयारी हवी. रविवारी बाजार बंद असतो, मंडळी चर्चमध्ये असतात. राज्यात दारूबंदी आहे, त्याचीही काहींनी मनाची तयारी केलेली बरी.

सिमेट्री डोंगराच्या उतारावर टप्प्याटप्प्यांनी चढत जाते. अंबाझरीच्या सपाट फेऱ्यांनी त्या चढाची तयारी होत नाही. महिनाभर आधीपासून दर रविवारी रामटेकच्या पायऱ्या चढा. पकड असलेले बूट, पातळ रेनकोट, गुडघ्याचा पट्टा आणि रोजची औषधं हातातल्या पिशवीत असू द्या. शाकाहारी असाल तर डाळभात मिळतो, तरी चिवडा आणि दशम्या न्याच. सावजी पचवलेल्यांनीही तिथल्या जहाल राजा मिरचीशी पैज लावू नये.

आत गेल्यावर कबरींवर पाय पडू देऊ नका, हिरवळीवर डबा उघडू नका. फूल ठेवायला हरकत नाही. नारळ आणि उदबत्तीचा बेत असेल तर तिथल्या माळ्याला आधी विचारा. इथे उभे शिलालेख नाहीत, बुटक्या दगडी चौथऱ्यांवर पितळी रंगाच्या पट्ट्या आहेत. फोटोत त्या ऊन पडलं की चमकतात आणि अक्षरं उडतात. तेव्हा छत्री आडवी धरून सावली करा, आणि नाव-क्रमांक वहीतही उतरवून घ्या, कारण घरी आल्यावर नोंदीशी ताळा करायचा असतो.

गाईडसाठी संत्रा बर्फीचा डबा न्या, तो पोहोचल्यावर नाही तर निघताना द्या. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री दिमापूरलाच मुक्काम करा. एक दरड कोसळली की पुढचं कोलकात्याचं आणि नागपूरचं, दोन्ही तिकिटं पाण्यात जातात.