हवामान कृती आराखडा करताय? या चुका टाळा

जिल्ह्याचा किंवा शहराचा हवामान कृती आराखडा, म्हणजे बदलत्या हवामानाला तोंड द्यायची योजना, हातात आला की मी आधी परिशिष्ट उघडतो. आकडे कुठून आणलेत ते तिथे कळतं, आणि घोळही बहुतेक तिथेच सापडतो.

नेहमीची चूक म्हणजे एका पर्जन्यमापकावर सगळा मुलूख मोजणं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम 74. सरासरी काढा, 509 येते. तेवढा पाऊस दोन्हीकडे पडलाच नव्हता! म्हणून तालुक्याच्या एका आकड्यावर थांबू नका. ‘महावेध’ या राज्याच्या हवामान नोंदणी प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रं महसूल मंडळनिहाय आहेत, त्यांच्या नोंदी मागा. जमलं तर केंद्र डोळ्यांनी पाहून या. शेजारी झाड वाढलं असेल तर ते पाऊस अडवतं.

हंगामाच्या बेरजेचंही तसंच. ‘सरासरीच्या 98 टक्के’ दिसलं की बैठकीत सगळे निवांत होतात. ऑगस्टमधल्या तीन आठवड्यांच्या खंडात सोयाबीनच्या शेंगा भरल्याच नाहीत, हे त्या टक्क्यात दिसत नाही. 2016 च्या दुष्काळ संहितेत, म्हणजे दुष्काळ ठरवायच्या केंद्राच्या नियमावलीत, पावसाचा खंड वेगळा पाहतात तो यासाठीच.

एका आराखड्यात अकरा गावांचं 2050 सालचं तापमान दिलं होतं. दोन दशांश स्थळांपर्यंत, आणि अकराही गावांना तेच! कारण साधं आहे. असे अंदाज संगणकावरच्या प्रादेशिक हवामान प्रारूपातून येतात, ते नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकाला एकच आकडा देतं. त्याचा एक चौकोन अनेकदा 50 किलोमीटर बाय 50 किलोमीटरचा असतो, म्हणजे 2500 चौरस किलोमीटर. आपले बहुतेक तालुके त्याहून लहान. अशा वेळी एक आकडा न देता ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं लिहा आणि पुढे हरितगृह वायूंचं उत्सर्जन किती होईल याचं कोणतं गृहीतक धरलंय तेही सांगा. गावापुरतं बोलायचं तर जवळच्या केंद्राच्या तीस वर्षांच्या नोंदी जास्त कामाच्या.

उष्णतेच्या बाबतीत मात्र चूक जिवावर बेतते. हवामान खात्याच्या निकषात उष्णतेची लाट मोजायला मैदानी भागात किमान 40 आणि किनाऱ्यावर 37 अंश लागतात. पण घाम वाळतच नाही अशा दमट हवेत पारा एकटा काही सांगत नाही. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमानंतर 14 जण दगावले, तेव्हा पारा 38 च्या आसपासच होता. तरीही किनाऱ्यावरचे आराखडे अहमदाबादच्या उष्णता आराखड्यातले अंश जसेच्या तसे उतरवतात. 2010 च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर अहमदाबादने 2013 मध्ये आराखडा केला, तो तिथलं तापमान आणि तिथले मृत्यू शेजारी मांडून. उचलायची तर ती पद्धत उचला. मृत्यू नोंदणीचं रजिस्टर पालिकेतच असतं. मागच्या दहा वर्षांची एप्रिल-मेची पानं काढा. तारीख घेताना मृत्यूची घ्या, नोंदणीची नाही. घरचे लोक दिवसकार्य उरकून मग दाखल्याला येतात.