प्ले बटणातला त्रिकोण मध्यावर कसा आणला

गोल बटणात प्लेचा त्रिकोण ठेवून ‘अलाइन सेंटर’ दाबलं, तरी तो डावीकडे सरकल्यासारखाच दिसत होता. आकडे बघावेत तर चोख! सॉफ्टवेअरला आकाराशी देणंघेणं नसतं. ते त्याच्याभोवतीची अदृश्य चौकट तेवढी मध्यावर आणतं. चौकटीचा मध्य निम्म्या रुंदीवर, त्रिकोणाचा गुरुत्वमध्य मात्र पायापासून (इथे डावीकडच्या उभ्या बाजूपासून) एक तृतीयांश अंतरावर असतो. म्हणजे रुंदीच्या एक षष्ठांश इतका तो उजवीकडे हवा. माझा २४ पिक्सेल रुंद होता, ४ पिक्सेल सरकवला आणि डोळ्याला पटलं.

पण कुणी पुन्हा अलाइन दाबलं की मुसळ केरात! ग्रुप करूनही भागत नाही, ग्रुपची चौकट आतल्या आकाराला चिकटूनच राहते. म्हणून ३२ पिक्सेल रुंदीची पारदर्शक फ्रेम घेतली आणि डावीकडे ८ पिक्सेल सोडून त्रिकोण त्यात बसवला. आता अलाइन करायची ती फ्रेम.