जड धातू आणि झाडातली प्रोटीन्स: प्रोजेक्टमध्ये या चुका टाळा

बेळगावच्या फाउंड्र्या, बळ्ळारी नाला, त्याच्या कडेची भाजी हे लहानपणापासून बघितलेलं असतंय म्हणून आमच्याकडची बरीच पोरं एमएस्सीला जड धातूंचा झाडातल्या प्रोटीनवर परिणाम हाच विषय घेतात, आणि मग शेवटच्या महिन्यात फोन येतो, ‘सर, कॅडमियम दिल्यावर प्रोटीन कमी व्हायला पाहिजे होतं की, माझं वाढलंय.’

वाढू शकतंय. धातूमुळं रोप पाणी नीट ओढत नाही, पान मलूल पडतं, मग १ ग्रॅम ताज्या पानात पाणी कमी आणि बाकीचा ऐवज जास्त भरतो. म्हणून वाळवलेल्या वजनावर पण हिशोब काढा. शिवाय ताण आला की झाड हीट शॉक प्रोटीनसारखी नवीन प्रोटीन्स स्वतःच बनवतंय, ती पण त्या आकड्यात येतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसत्या एकूण प्रोटीनवर निष्कर्ष लिहिणं. कॅडमियम प्रोटीनमधल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकाला जाऊन चिकटतं, कुठं झिंकची जागा बळकावतं, प्रोटीनची घडी बिघडते, काम बंद पडतं, पण ते प्रोटीन तिथंच असतंय, आणि ब्रॅडफर्डला (रंगावरून एकूण प्रोटीन मोजायची चाचणी) चांगलं-बिघडलेलं काही कळत नाही, रंग तेवढाच येणार. त्यामुळं सोबत एखाद्या एन्झाइमची ॲक्टिव्हिटी घ्याच, कॅटालेज घेतलं तरी चालेल. आणि प्रोटीन्स आकारानुसार वेगळी करायच्या साध्या जेलवर बँड दिसला की ‘हे फायटोकेलॅटिन’ (धातूला बांधून ठेवणारं झाडातलं छोटं पेप्टाइड) असं लिहू नका हो! ते प्रोटीनसारखं रायबोसोमवर बनतच नाही, ग्लुटाथायोन नावाच्या त्याहून छोट्या रेणूपासून एक एन्झाइम ते जोडतंय, आणि इतकं छोटं असतंय की नेहमीच्या जेलवर सापडत नाही.

लेड नायट्रेट सरळ होगलँड द्रावणात (मातीशिवाय रोपं वाढवायचं पोषक पाणी) टाकलं आणि पाणी गढूळ झालं? त्यातल्या फॉस्फेटबरोबर शिसं खाली बसलं, मुळांना मिळालंच नाही. लेडच्या दिवसांपुरतं फॉस्फेट काढा.

१० मिलिग्रॅम निर्जल कॅडमियम क्लोराइड म्हणजे १० मिलिग्रॅम कॅडमियम नव्हे, त्यात धातू जेमतेम ६.१ मिलिग्रॅम. बाटलीवर पाण्याचे रेणू लिहिलेत का ते पण बघा, मग अजून कमी. कॉपरसाठी कृषी केंद्रातला मोरचूद तर नकोच.

कुंडीत करणार असाल तर खानापूरची तांबडी माती आणि चिकोडीकडची काळी माती एकाच तक्त्यात घालू नका. तांबड्या आम्ल मातीत कॅडमियम जास्त मोकळं राहतंय, काळीत बरंच अडकून बसतंय, डोस तोच असला तरी.

पान वाटताना खलबत्ता बर्फात ठेवा, बफरमध्ये पीव्हीपीपी (फिनॉल्स धरून ठेवणारी पावडर) आणि प्रोटिएज इनहिबिटर (प्रोटीन तोडणारी एन्झाइम्स थांबवणारं) घाला. अर्क तपकिरी झाला तर फिनॉल्सनी प्रोटीन धरलंय, तो टाकून परत करा.

आणि उरलेलं कॅडमियमचं पाणी सिंकमध्ये ओतायचं नाही, लेबल लावून वेगळ्या कॅनमध्ये साठवा आणि लॅबच्या घातक कचऱ्यात द्या, नाहीतर ज्या नाल्यासाठी विषय घेतला त्यातच ते जाणार की.