कच टाकून लेव्हल काढू नका : सोसायटीच्या पार्किंगचे पहिले काम घेणाऱ्यांसाठी

२०१९ च्या मार्चमध्ये पुण्यालगतच्या वाघोलीजवळच्या एका गृहनिर्माण सोसायटीच्या पार्किंगचे आणि आतल्या रस्त्याचे पेव्हर ब्लॉकचे काम मी पहिल्यांदा स्वतःच्या नावावर घेतले. त्याआधी चार वर्षे मी एका ठेकेदाराकडे साइट सुपरवायझर होतो आणि हे काम मला येते अशी माझी खात्री होती. ६,२०० चौरस फुटांचे ते काम मी एप्रिलअखेर पूर्ण केले. सभासदांनी नारळ फोडला, सचिवांनी पाठ थोपटली आणि पाच टक्के अनामत वगळता सगळे बिल वेळेवर मिळाले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सचिवांचा फोन आला. पाण्याचा टँकर ज्या वाटेने आत येतो त्या वाटेवर दोन समांतर चाकोऱ्या पडल्या होत्या आणि ब्लॉकच्या फटींतून राखाडी चिखल वर येत होता. तो चिखल पाहून माझ्या पोटात जे कालवले, ते आजही दर पावसाळ्याच्या तोंडावर कालवते.

ब्लॉक कसे बसवतात, कर्ब (काठाचे दगड) आधी का लावतात, काठाचे तुकडे कटरने कसे कापतात, हे या धंद्यात उतरू पाहणाऱ्याला ठाऊक असतेच, म्हणून मी त्यात शिरत नाही. मला लिहायचे आहे ते मुख्यतः एकाच चुकीबद्दल, म्हणजे ब्लॉकखाली कच (क्रशरवरची दगडाची भुकटी) कमी-जास्त टाकून वरची पातळी जुळवण्याबद्दल, कारण ती चूक काम सुरू असताना दिसत नाही, काम ताब्यात देतानाही दिसत नाही, आणि दिसते तेव्हा तुमचा नफा खर्च होऊन गेलेला असतो.

त्या जागेवर बिल्डरने पूर्वी घातलेले जुने पीसीसी, म्हणजे सळ्या नसलेले साधे काँक्रीट, होते. ते ठिकठिकाणी तडकले होते, ड्रेनेजच्या चरावर खचले होते आणि त्याला धड ढाळही नव्हता. ते फोडून, राडारोडा उचलून, नव्याने मुरूम आणि खडीचा पाया करणे सोसायटीच्या अंदाजपत्रकात बसत नव्हते, आणि दर कमी ठेवून काम मिळवण्याची मला घाई होती. ज्यांच्याकडे मी शिकलो त्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "अरे, पीसीसीसारखा पक्का पाया आयता मिळतोय, वर कच टाक आणि लेव्हल काढून घे." मी तेच केले. दोन पाइपांवर ॲल्युमिनियमची पट्टी ओढून कच एकसारखी केली, वर ब्लॉक लावले, प्लेट कॉम्पॅक्टर (कंप देऊन दाबणारे यंत्र) फिरवला, आणि पृष्ठभाग आरशासारखा सपाट दिसू लागला. परंतु वरून सपाट असलेल्या त्या थराची जाडी खाली एके ठिकाणी २५ मिलीमीटर होती, आणि खचलेल्या चरावर ११० मिलीमीटर.

आता हे नीट समजून घ्या, कारण माझ्या मते या धंद्यातील निम्मी बिघडलेली कामे याच एका कारणाने बिघडतात. ब्लॉकखालचा वाळूचा किंवा कचेचा थर हा भार पेलणारा थर नव्हे. ब्लॉकच्या जाडीतला बारीक फरक सामावून घेणे आणि ब्लॉकला नीट बूड देणे, एवढेच त्याचे काम आहे. म्हणूनच भारतीय रस्ते महासभेच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) एसपी ६३ या मार्गदर्शक पुस्तिकेत दबाईनंतर हा थर २० ते ४० मिलीमीटर असावा, असे सांगितले आहे. सैल पसरलेला थर दबला की साधारण पाचवा हिस्सा बसतो असे धरा. २५ मिलीमीटरचा थर ५ मिलीमीटर बसेल आणि ११० मिलीमीटरचा २२ मिलीमीटर, म्हणजे दोन ठिकाणांत १७ मिलीमीटरचा फरक पडेल. कॉम्पॅक्टर यातले थोडेच बसवतो, कारण एवढ्या जाड थराच्या तळापर्यंत त्याचा दणका पोहोचत नाही. उरलेले काम पहिल्या पावसात गाड्यांची चाके करतात. दहा हजार लिटरचा टँकर म्हणजे नुसते पाणीच दहा टन, आणि वर गाडीचे वजन वेगळे. त्या सोसायटीत उन्हाळ्यात रोज असे तीन टँकर येत होते आणि पावसाळा लागल्यावरही महिनाभर ते थांबले नव्हते.

दुसरी गोष्ट पाण्याची आहे. नव्या ब्लॉकच्या फटींतून सुरुवातीच्या महिन्यांत पाणी खाली जातेच. ते कितीही वाळू भरली तरी पूर्ण थांबत नाही. खाली खडीचा पाया असेल तर ते झिरपून जाते. खाली पीसीसी असेल आणि त्यात छिद्रे नसतील, तर ते सखल जागी जमा होऊन तिथेच राहते. कच ही क्रशरवरची भुकटी असल्यामुळे तिच्यात पिठासारखा बारीक अंश भरपूर असतो आणि तो पाणी धरून ठेवतो. त्या चिखलावरून टँकरचे चाक गेले की ब्लॉक क्षणभर खाली दबतो, पाणी बारीक भुकटीला घेऊन फटींतून वर उसळते आणि ब्लॉकखाली पोकळी उरते. पुढच्या चाकाला ब्लॉक आणखी खाली जातो. माझ्या पार्किंगमध्ये वर आलेला राखाडी चिखल म्हणजे माझ्याच ब्लॉकखालचा थर होता. म्हणजे सर्वांत जाड थर, सर्वांत जास्त पाणी आणि सर्वांत जड वाहन या तिन्ही गोष्टी त्या जुन्या चरावर एकत्र आल्या होत्या, आणि तो चर तिथे आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते.

तेव्हा पाया पूर्ण झाल्यावर, वाळूची पहिली पाटी ओतण्यापूर्वी, संपूर्ण क्षेत्रावर तयार पृष्ठभागाच्या उंचीला दोरी ताणा आणि दर दोन मीटरवर दोरीपासून पायापर्यंतचे अंतर टेपने मोजा. ब्लॉकची जाडी अधिक ३० मिलीमीटर, एवढे ते अंतर सगळीकडे आले पाहिजे. पाच-सात मिलीमीटर इकडेतिकडे चालेल, त्याहून जास्त नाही. जिथे जास्त येईल तिथे फक्की मारून खूण करा, ती जागा खडी आणि मुरमाने भरा, पाणी मारा, रोलर फिरवा आणि पुन्हा मोजा. खाली पीसीसी असेल तर ती खोलगट जागा काँक्रीटनेच भरा, आणि सर्वांत सखल ठिकाणी ५० मिलीमीटर व्यासाची आरपार छिद्रे पाडून त्यांत बारीक खडी भरा व वर जिओटेक्स्टाइलचा, म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या कापडाचा, तुकडा टाका, म्हणजे पाण्याला वाट मिळेल आणि वाळू वाहून जाणार नाही. ढाळसुद्धा पायालाच द्या. पन्नासास एक, म्हणजे तीन मीटरला ६० मिलीमीटर, हा उतार वाळू कमी-जास्त करून काढायला गेलात तर तुम्ही पुन्हा माझ्याच खड्ड्यात पडाल. मोजमापांची नोंद वहीत करून त्यावर सोसायटीच्या सचिवांची सही घ्या. सहा हजार चौरस फुटांच्या आसपासच्या क्षेत्राला या मोजणीसाठी आणि नोंदीसाठी दोन माणसांचा एक दिवस लागतो. हा एक दिवस वाचवू नका, मुकादम कितीही कुरकुर करो.

थरासाठी कच वापरायचीच नाही का, असे मला नवी मुले विचारतात. मी वापरत नाही. धुतलेली क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) थोडी महाग पडते, परंतु ३० मिलीमीटरच्या थराला ती लागतेच किती? ६,२०० चौरस फुटांना ती सहा ब्रासच्या (ब्रास म्हणजे १०० घनफूट) आसपास पुरते. काम जाड थराने केले तरच वाळूचा खर्च डोळ्यांत येतो, आणि मग माणूस कच घेतो. म्हणजे एक चूक दुसरीला बोलावून आणते.

ज्यांनी मला तो सल्ला दिला त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांनी मला पोटाला लावले. परंतु गुरूबद्दल माझे एक ठाम मत त्यातून झाले. ज्या ठेकेदाराची पाच वर्षांपूर्वीची कामे तुम्हाला पावसात जाऊन पाहता येत नाहीत, त्याच्याकडे या धंद्यातले शिकण्यासारखे फार थोडे आहे. मी चार वर्षे त्यांची फक्त नवी कामे पाहिली; ताबा दिल्यावर आम्ही तिथे परत कधी गेलोच नाही. मला खरे शिकवले ते एका वयस्कर रोलरचालकाने. दुरुस्तीच्या वेळी ते रोलरवरून उतरून टाच जमिनीवर आपटायचे आणि "इथं पोकळ वाजतंय, इथं अजून पाणी मारा दादा" असे सांगायचे, आणि उकरल्यावर दर वेळी खाली सैल भराव निघायचा. मोबाइलवरचे दोन मिनिटांचे व्हिडिओ पाहून काम शिकता येते असे मानणाऱ्यांना मी एवढेच सांगेन, की त्या व्हिडिओंत काम पूर्ण झाल्यानंतरचा पावसाळा नसतो.

दुरुस्तीला मला अकरा दिवस लागले. टँकरच्या वाटेवरचे सगळे ब्लॉक उचलले, कच काढून फेकली, चर उकरून थराथराने दाबला, पीसीसी भरले, आणि त्या पट्ट्यात ६० ऐवजी ८० मिलीमीटरचे ब्लॉक लावले. मजुरी देण्यासाठी आईच्या नावावरची मुदत ठेव मोडावी लागली. तिने एका शब्दाने विचारले नाही, हे मला जास्त लागले. मात्र इथे तुम्हाला धीर द्यायचा आहे, कारण पेव्हरच्या कामाचा हाच मोठा गुण आहे : बिघडलेले काम उकलता येते आणि तेच ब्लॉक पुन्हा लावता येतात. ट्रायमिक्सचा, म्हणजे यंत्राने पाणी शोषून घोटलेल्या काँक्रीटचा, स्लॅब तडकला तर फोडण्यावाचून गत नसते, डांबरावर डिझेल सांडून ते मऊ पडले तर ठिगळ दिसतेच. त्यामुळे पहिले काम पेव्हरचे घ्या. चूक झाली तरी तुम्ही उभे राहू शकता. मी राहिलो, आणि माझ्याकडे तेव्हा ना भांडवल होते, ना ओळख.

ब्लॉकच्या निवडीबद्दल थोडक्यात. आयएस १५६५८ या पेव्हर ब्लॉकच्या भारतीय मानकाच्या २००६ च्या आवृत्तीत हलक्या वाहतुकीसाठी एम ३५ प्रतीचा (एम म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची प्रत) ६० मिलीमीटरचा आणि मध्यम वाहतुकीसाठी एम ४० प्रतीचा ८० मिलीमीटरचा ब्लॉक सांगितला आहे. बंगल्याच्या फाटकापासून पोर्चपर्यंत ६० पुरतो. सोसायटीत टँकर, कचऱ्याची गाडी आणि अग्निशामक बंब कोणत्या वाटेने जातील ते आधी विचारा आणि त्या वाटेवर ८० घ्या. तिथे पाया २० मिलीमीटर खाली ठेवावा लागतो, हे पायाच्या वेळीच लक्षात ठेवा. त्याच वाटेवरची चेंबरची झाकणेही पाहा. २.५ टनांचे हलके झाकण टँकरखाली टिकणार नाही. रबर मोल्डचे चकचकीत ब्लॉक सभासदांना फार आवडतात, परंतु ते पावसात निसरडे होतात आणि अनेक ठिकाणी पुरेसे पाणी न मारता, कच्चेच पाठवले जातात. मी वाहनांच्या जागी यंत्रावर दाबलेलेच ब्लॉक वापरतो, आणि रचना हेरिंगबोनची, म्हणजे ब्लॉक एकमेकांना काटकोनात नागमोडी बसवलेली, ठेवतो, कारण ब्रेक लावणाऱ्या आणि वळणाऱ्या चाकाखाली ती सरकत नाही. तळघराच्या रॅम्पवर ब्लॉक लावायला कोणी सांगितले तर नम्रपणे नकार द्या आणि खाचा पाडलेले काँक्रीट सुचवा.

वेळापत्रकाबाबत मी कठोर आहे. पुण्यात १५ मेनंतर नवे काम उघडू नका, कोणी कितीही गळ घातली तरी. पाया उघडा असताना वळवाचा एक पाऊस पडला, की काळ्या मातीवरचा मुरूम पुन्हा उकरावा लागतो. सोसायटीत काम दोन भागांत करावे लागते, कारण सगळ्या गाड्या एकदम बाहेर काढता येत नाहीत. या दोन भागांच्या सांध्यावर, उघड्या काठापासून एक मीटरच्या आत कॉम्पॅक्टर फिरवू नका, नाहीतर काठाचे ब्लॉक सरकतात आणि दुसऱ्या भागाची ओळ जुळत नाही.

पैशांच्या बाबतीत एकच सांगतो. कोटेशनमध्ये पाया, वाळूचा थर आणि ब्लॉक यांचे दर वेगवेगळे लिहा. एकत्रित चौरस फुटाचा दर दिला की समिती तीन कोटेशनांची तुलना फक्त त्या आकड्यावर करते, आणि पाया नीट करणारा माणूस महाग ठरतो. वेगवेगळे लिहिले तर सर्वसाधारण सभेत कोणीतरी विचारतेच, की बाकीच्या दोघांच्या कागदावर पाया कुठे आहे? मला अलीकडची तीन कामे या एका प्रश्नामुळे मिळाली. आणि एवढे करूनही समिती पायाला कात्री लावणार असेल, तर ते काम सोडा. घरी बसण्याचे दुःख मोठे असते, हे मला ठाऊक आहे; मी २०१९ च्या दिवाळीपर्यंत घरी बसलो होतो. तरीही सोडा.

देखभालीचे काम नवोदितांना कमी प्रतीचे वाटते, पण माझे घर पहिली दोन वर्षे त्यावरच चालले. ताबा दिल्यानंतर तीन महिन्यांनी फटींत पुन्हा बारीक कोरडी वाळू भरायची, मे महिन्यात जाळ्या आणि गटारे साफ करायची, खचलेले चार-दोन ब्लॉक उचलून पुन्हा बसवायचे, गाड्या धुणाऱ्यांना प्रेशरचा फवारा फटींवर रोखू नका म्हणून सांगायचे, एवढेच ते काम. वाघोलीच्या त्या सोसायटीने अनामत तर परत केलीच, शिवाय वार्षिक देखभालही माझ्याकडेच दिली. दर जुलैमध्ये मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे जातो, टँकरच्या वाटेवर वाकून फटी पाहतो आणि बोट फिरवून वर काही आले आहे का ते बघतो. मागच्या पावसाळ्यात बोटाला फक्त पाणी लागले.