उमेबोशी बिघडते कुठे? घरी घालताना या चुका टाळा

जपानात जूनच्या पावसाला ‘त्सुयू’ म्हणतात आणि तो ‘उमे’ व ‘पाऊस’ या दोन अक्षरांनी लिहितात. याच दिवसांत उमे पिकतात आणि बरण्या बाहेर निघतात. उमे हे फळ जर्दाळूच्या जवळचं. ते मिठात मुरवून उन्हात वाळवलं की झालं उमेबोशी हे जपानी लोणचं. जपानातल्या वाकायामा प्रांताची ‘नान्को’ जात त्यात सगळ्यात नावाजलेली. फळ आणि मीठ, एवढंच तर साहित्य. तरी नवख्यांची बरणी बिघडते, आणि बहुतेकदा मिठात हात आखडल्यामुळे.

एक किलो फळाला 180 ग्रॅम मीठ हे जुनं घरगुती प्रमाण. खारट होईल या भीतीने ते निम्म्यावर आणू नका. आपल्या लोणच्यात मिठाच्या मदतीला तेल, मोहरी असते. इथे सगळा भार एकट्या मिठावर. बाजारातली मधाची, कमी मिठाची उमेबोशी फ्रिजमध्ये ठेवावी लागते ती म्हणूनच. एखादी गोष्ट बेताची जमून आली की जपानी माणूस ‘आंबाइ’ म्हणतो. तो शब्द लिहितात ‘मीठ’ आणि ‘उमे’ या अक्षरांनी!

हिरवी, टणक फळं उमेशू या मद्यासाठी. उमेबोशीला पिवळी, घमघमणारी हवीत. हिरवटच मिळाली तर टोपलीत पसरून पिकेपर्यंत थांबा, नाहीतर साल शेवटपर्यंत चिवट राहते. कच्चं फळ तोंडात मात्र टाकू नका, ते विषारी असतं.

धुतल्यावर देठाची टिकली बांबूच्या काडीने काढा आणि त्या खळीतलं पाणीही टिपून घ्या. बुरशीची सुरुवात अनेकदा तिथूनच होते. बरणी काचेची किंवा चिनी मातीची. मिठाने फळांना सुटणारा आंबट रस धातूला खातो.

रस वर येत नाही? फळांवर त्यांच्या दुप्पट वजन ठेवा आणि बरणी रोज हलवा, म्हणजे वरची फळंही ओली राहतील. चार-पाच दिवसांत फळं रसात बुडायला हवीत. नाही बुडाली तर वजन वाढवा. बुडाली की निम्मं करा, नाहीतर फळं चेपतात.

पांढरे ठिपके दिसले? घाबरून सगळं फेकू नका. बुरशी धरलेली फळं काढून टाका, बाकीची 35 टक्के अल्कोहोलच्या शोचू या जपानी मद्याने धुवा, रस गाळून, उकळून, पूर्ण गार करून परत ओता. सगळ्यालाच कुबट वास लागला असेल तर मात्र जीव अडकवू नका, टाकून द्या. वाळवून ठेवलेल्या उमेबोशीवर काही महिन्यांनी पांढरे कण दिसतात ते बहुधा मिठाचे. पाण्यात विरघळले तर खुशाल खा.

रंगासाठी बरणीत लाल शिसो या तुळशीच्या कुळातल्या झाडाची पानं घालतात. ती मिठाने चोळल्यावर निघणारा पहिला काळपट रस कडू असतो. तो पिळून टाका, पुन्हा एकदा चोळा. मग बरणीतला रस वर घाला आणि बघा, जांभळ्याचा क्षणात लालभडक होतो. दरवर्षी पाहिलं तरी माझं मन भरत नाही.

वाळवणाची घाई नको. पाऊस सरल्यावर, साधारण 20 जुलैनंतर, सलग तीन दिवसांचं ऊन मिळेल तेव्हाच फळं बांबूच्या टोपलीत पसरा. तोवर ती रसात सुखरूप असतात. साल टोपलीला चिकटली तर ओढू नका. पहाटे दवाने मऊ झाली की अलगद सुटते.

उरलेला लाल रस मोरीत ओतू नका. मीठ लावून सुकवलेले आल्याचे काप त्यात बुडवले की ‘बेनी शोगा’, म्हणजे आल्याचं लाल लोणचं, तयार.