ड्रोन सर्वेक्षणातील अवजड ऑर्थोफोटो कसे हाताळावेत

ऑर्थोफोटो म्हणजे ड्रोनने टिपलेली छायाचित्रे जोडून केलेले, नकाशाप्रमाणे मोजता येणारे चित्र. त्याची फाइल किती मोठी होणार, हे पिक्सेलचे माप, म्हणजे एका ठिपक्यात जमिनीची किती लांबी-रुंदी मावते, ते निवडतानाच ठरून जाते. १०० हेक्टर क्षेत्र २ सेंटिमीटरच्या पिक्सेलने तयार केले, तर दर चौरस मीटरला २,५०० म्हणजे एकूण २५० कोटी पिक्सेल होतात. तीन रंगांचे आणि पारदर्शकतेचा एक असे चार बँड (थर) प्रत्येकी एका बाइटचे धरले, तर कॉम्प्रेशनविना १० जीबी. हेच काम ५ सेंटिमीटरवर १.६ जीबीत बसते. शेताचे बांध आखण्यासाठी एवढा तपशील सहसा पुरतो, तेव्हा उगाच बारीक पिक्सेलचा हट्ट धरू नये.

मूळ जिओटिफ (जमिनीवरील स्थानाची माहिती असलेली टिफ चित्र-फाइल) वेगळ्या डिस्कवर जपून ठेवावी आणि पुढचे सारे काम प्रतीवर करावे. साधी टिफ ४ जीबीपलीकडे जाऊ शकत नाही, कारण तिच्यातील पत्ते ३२ बिटांचे असतात; म्हणून जीडीएएल (नकाशा-चित्रे रूपांतरित करणारे सॉफ्टवेअर) वापरून जिओटिफ लिहिताना बिगटिफचा, म्हणजे ही मर्यादा नसलेल्या टिफचा पर्याय स्पष्टपणे द्यावा, नाहीतर कॉम्प्रेशन चालू असताना काम बऱ्याच वेळाने मध्येच बंद पडते. फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हलाही हीच मर्यादा आहे, आणि दोष मात्र बिचाऱ्या फाइलला दिला जातो.

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा सरकवताना संगणक अडखळतो, त्यामागे बहुधा फाइलची अंतर्गत मांडणी असते. ओळीओळीने साठवलेल्या चित्राचा लहानसा कोपरा पाहायचा झाला तरी पूर्ण रुंदीच्या ओळी वाचाव्या लागतात, आणि संपूर्ण गाव एका दृष्टिक्षेपात पाहायचे तर सगळेच पिक्सेल चाळावे लागतात. चित्र चौकोनी टाइल्समध्ये साठवले आणि त्याच्या उतरत्या आकाराच्या प्रती, म्हणजे ओव्हरव्ह्यू, आतच ठेवल्या की दोन्ही अडचणी सुटतात. जीडीएएल ३.१ पासून उपलब्ध असलेले सीओजी (क्लाउड ऑप्टिमाइज्ड जिओटिफ) स्वरूप हे दोन्ही आपोआप करते. ‘जीडीएएल ट्रान्सलेट’ या रूपांतराच्या आज्ञेला आउटपुटचे स्वरूप सीओजी आणि कॉम्प्रेशन जेपीईजी सांगितले की पुरे. रूपांतर चालू असताना तात्पुरत्या फाइलींसाठीही डिस्कवर भरपूर जागा मोकळी असावी.

जेपीईजीने फाइल कितीतरी लहान होते, पण पिक्सेलच्या किमती किंचित बदलतात. केवळ पाहण्यासाठी किंवा हद्दी आखण्यासाठी ते चालते. डीएसएम (पृष्ठभागाच्या उंचीचे मॉडेल) आणि पीक-निर्देशांक काढण्यासाठी अनेक प्रकाशपट्ट्यांत टिपलेल्या मल्टिस्पेक्ट्रल प्रतिमा यांना मात्र जेपीईजी लावू नये, तेथे किमती न बदलणारे डिफ्लेट किंवा झेडएसटीडी कॉम्प्रेशन वापरावे. शिवाय चित्राच्या कडेचा रिकामा भाग पारदर्शक बँडऐवजी काळ्या रंगाने दाखवलेला असेल, तर जेपीईजीमुळे कडेला काळपट ठिपके उरतात; अशा वेळी आधी मास्क, म्हणजे कोणते पिक्सेल रिकामे आहेत हे सांगणारा थर, तयार करून घ्यावा.

अनेक उड्डाणांचे तुकडे एकत्र पाहायचे असल्यास ते जोडून एकच महाकाय टिफ करण्याची गरज नाही. व्हीआरटी ही काही केबींची मजकूर-फाइल मूळ तुकड्यांकडे नुसता निर्देश करते. तुकडे दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवले की ती निरुपयोगी होते, एवढे ध्यानात ठेवावे.

फाइल पुढे सोपवण्यापूर्वी फाइलची माहिती दाखवणारी ‘जीडीएएल इन्फो’ ही आज्ञा चालवून ब्लॉक (टाइल) ५१२ गुणिले ५१२ पिक्सेलचा आहे का, ओव्हरव्ह्यूंची यादी दिसते का आणि स्थान दर्शवणारी निर्देशांक (कोऑर्डिनेट) प्रणाली मूळ फाइलप्रमाणेच आहे का, हे पडताळून घ्यावे.